मांडीवरची दहा अक्षरं



पत्रिकेवर माझा विषय ‘बालकाचे पहिले पुस्तक’ असा छापला आहे. त्यातल्या अगदी लहान बालकांबद्दल मी बोलणार आहे, साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या. आणि पुस्तकही एकाच प्रकारचं घेणार आहे: जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, गोल कोपऱ्यांचं, मुळाक्षरांचं. बालशिक्षणातले गिजुभाई, ताराबाई मोडक, कोसबाडला अनुताई वाघांनी उभं केलेलं काम, हे सगळं या व्यासपीठावरून तुम्ही अनेकदा ऐकलेलं आहे. ते मी पुन्हा सांगत बसत नाही.

मूल हातात आलेलं पुस्तक आधी तोंडात घालतं. घालू दे. पुठ्ठा त्यासाठीच जाड असतो. मग ते चित्रावर पंजा मारतं, चित्रातला चेंडू चिमटीत धरून उचलायला बघतं. 1998 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांची मुलं चित्रातली वस्तू पकडायला जात होती, दीड वर्ष उलटलेली मुलं तिच्याकडे बोट दाखवत होती. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या खेड्यातली, चित्रांची पुस्तकं न पाहिलेली बाळंही तशीच पकडायला गेली. चित्र हे चित्र असतं, ते उचलता येत नाही, हे कळायला माणसाच्या पिल्लाला इतका काळ लागतो. आणि चित्राच्या शेजारी उभं असलेलं ‘ऐ’ हे तर चित्राहूनही लांबचं. ते त्याला वर्षाच्या आत ओळखता यावं, ही घाई कोणाची? त्याची तर नाही.

आता आपली अंकलिपी आठवा. अ अननसाचा, ई ईडलिंबाचा, ण बाणाचा, ळ बाळाचा. (हशा) हसू नका, ही आपली इस्टेट आहे. पण ती अंकलिपी पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी होती, पाटीशेजारी ठेवायची. आज तीच पुठ्ठ्यावर चढवून तान्ह्या बाळासमोर ठेवली जाते. इंग्रजीची अक्षरं सव्वीस, पानागणिक एक घेतलं तरी पुस्तकात मावतात. आपली पन्नासच्या घरात. पुठ्ठ्याची पानं वाढवली की पुस्तक जड होतं, महाग होतं. मग प्रकाशक काय करतो? एका पानावर चार चौकोन, कधी सहा. रुपयाच्या नाण्याएवढा हत्ती आणि तेवढंच झबलं! ते पुस्तक राहत नाही, भिंतीवरचा तक्ता होतो.

म्हणून माझं एकच मागणं आहे, आणि ते मी जिथे बोलावतील तिथे मांडते. मांडीवरच्या पुस्तकात दहाच अक्षरं घ्या. पानभर एक अक्षर, समोरच्या पानभर एक चित्र. आणि सुरुवात ‘अ’ने नको, ‘क’नेही नको. ‘म’ने करा.

का ‘म’ने? आपली वर्णमाला तोंडाच्या हिशेबाने लावलेली आहे. कवर्ग कंठाजवळ, मग टाळू, मूर्धा, दात, आणि शेवटी पवर्ग ओठांवर. मांडणी विलक्षण आहे, मला तिचा अभिमान आहे. पण बाळ या घरात शिरतं ते ओठांच्या दाराने. सहा-सात महिन्यांनंतर ‘बाबाबा’, ‘मामामा’ सुरू होतं, आणि ओठ मिटताना त्याला दिसतात. घशात काय चाललंय ते दिसत नाही. मोठ्यांच्या पुस्तकातला क्रम आतून बाहेर येतो, बाळाचा बाहेरून आत जायला हवा. म्हणून बाळाला पाठमोरं बसवू नका. थोडं आडवं बसवा, म्हणजे एका नजरेत पान येईल आणि दुसऱ्या नजरेत तुमचं तोंड.

हे मी नवीन सांगत नाही. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने 1658 मध्ये न्युरेम्बर्गला चित्रमय पाठ्यपुस्तक छापलं. त्याच्या आरंभीच सजीव मुळाक्षरं आहेत. तिथे कावळा ‘आ आ’ करतो, कोकरू ‘बे’ करतं, आणि ‘ए’साठी चक्क रडणारं तान्हं मूल आहे. आधी आवाज, मग खूण.

आमच्या घरातली एक गोष्ट सांगते, लहानशीच आहे. माझ्या भाच्याची मुलगी अकरा महिन्यांची होती. पुस्तकात ‘ऐ ऐरणीचा’ निघाला. भाचा पान उलटायला लागला, कारण ऐरण त्याने स्वतःच पाहिलेली नव्हती. माझी आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, “थांब रे, उलटू नकोस.” आणि सुरू झाली. तिच्या माहेरी वेशीजवळ चिंचेखाली लोहार बसायचा. पेरणीच्या आधी नांगरांचे फाळ शेवटून घ्यायला त्याच्याकडे रांग लागायची. लोहारीण भाता ओढायची, फाळ लाल झाला की दोघं मिळून घाव घालायचे, एकाचा जड, एकीचा हलका. पोरांना जवळ येऊ देत नसत, ठिणग्या उडायच्या. लोहाराचा धाकटा भाऊ मुका होता, तो घावांची लय बोटांनी दाखवायचा... आई सांगतच होती, आणि प्रत्येक घावाला पुस्तकावर हात आपटत होती, “ठण्ण, ठिण, ठण्ण, ठिण!” पोरीने तिच्याकडे पाहिलं, दोन्ही तळवे उचलले आणि त्या पुठ्ठ्याच्या ऐरणीवर हाणले. पुढचा अर्धा तास घरात दुसरं काम झालं नाही. ‘ऐ’ हे अक्षर कोणी उच्चारलंसुद्धा नाही. त्या पानातून मिळायचं ते सगळं त्या पोरीला मिळालं, भाच्यालाही मिळालं.

तिसऱ्या रांगेतून गुरुजी विचारतायत, “मग अक्षर शिकवायचं कधी?” गुरुजी, रागावू नका. मीही बालवाडीतच केस पिकवले आहेत, अक्षरांची वैरीण नाही. अक्षर शिकवा, तीन वर्षांनंतर हसतखेळत शिकवा. पण तेव्हाही साधं पुस्तक निवडा. डिलोश यांच्याच 2013 च्या अभ्यासात अडीच-तीन वर्षांची मुलं ओढायच्या-उघडायच्या खटपटी असलेल्या मुळाक्षरांच्या पुस्तकांतून साध्या पुस्तकांपेक्षा कमी अक्षरं शिकली. हात पट्टी ओढण्यात गुंतले, अक्षर बाजूला पडलं. दुकानात तीच पुस्तकं जास्त महाग असतात, हेही लक्षात ठेवा. आणि मोबाइलवरची गाणारी मुळाक्षरं? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय, एक वर्षाच्या आत पडदा अजिबात नको. (टाळ्या) टाळ्या आजोबांनी वाजवल्या, आता घरीही पाळा. (हशा)

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली आहेत. छपाईबद्दल बोलायचं होतं, ते आटोपते. प्रकाशकांपैकी कोणी बसले असाल तर ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा छापा. 2009 च्या शासन निर्णयात तसं ठरलेलं आहे, तरी संगणकातला सापडेल तो फाँट उचलून हिंदी वळण छापलं जातं. ‘ख’ जोडलेला असू दे, सुटला तर ‘रव’ दिसतो. पानावर गिचमिड नको, अक्षर पंज्याएवढं असू दे, बाळाचा तळवा त्यावर बसेल असं.

माझी दहा अक्षरं सांगते: म, ब, प, आ, द, त, न, क, ग आणि ळ. ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, हे मला माहीत आहे. त्या पानावर उघडं तोंड आणि मागे वळलेली जीभ काढा, तेवढं पुरे. हीच यादी टेबलावर ठेवते आहे, हवी त्यांनी फोटो काढून घ्या. आणि ज्यांच्या घरी सध्या सहा-सहा चौकोनांचंच पुस्तक आहे त्यांनी ते टाकून देऊ नका. पांढऱ्या कागदाने पाच चौकोन झाका आणि ‘म’ तेवढा उघडा ठेवा. बहुतेक मगर निघेल. चालेल! मगरीचं तोंड मोठं असतं, तुम्हीही मोठं उघडा.