सम कुठे आहे?

अध्यक्षपदाबद्दल संयोजकांचे आभार. रविवारचा मेगाब्लॉक सोसून अंधेरी-बोरिवलीची मंडळी मुलुंडला आली, त्यांचे अधिक आभार.

मराठी ख्रिस्ती गायनाचा आढावा घ्यावा, असे निमंत्रणात लिहिले होते. घेतो. 1616 साली फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण छापले गेले. 1813 साली अमेरिकन मिशन मुंबईत आले, 1829 साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन. 1895 साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांच्या पदांनी आपल्या उपासनेला मराठी गळा दिला. झाला आढावा.

आता ज्यासाठी मी इतकी वर्षे गप्प बसलो, ते बोलतो. इंग्रजी चालींवर छंदोबद्ध स्तोत्रे गाताना आपण दर रविवारी मराठीचे हातपाय मोडतो आणि वर आमेन म्हणतो.

चूक कुठे आहे ते पाहा. 1650 च्या स्कॉटिश स्तोत्रसंग्रहाचा बहुतेक भाग 8-6-8-6 अशा ओळींचा. त्या मापाच्या कोणत्याही चालीवर त्या मापाचे कोणतेही स्तोत्र चढवा, अशी ती सोय. आपल्या लोकांनी मराठी ओळी रचताना आठ आणि सहा अक्षरे मोजली आणि काम झाले असे समजले. पण ती चाल हलक्या ठोक्यावर उठते आणि दुसऱ्या अक्षरावर जोर देते. त्यात ‘परमेश्वर’ घाला. ‘प’ निसटतो, ‘र’ वर जोर पडतो, जो ‘मे’ मुळात दीर्घ तो घाईत उरकला जातो, आणि ‘श्व’ वर पुन्हा जोर. बोलताना असे कोणी म्हणेल का? मंडळी मात्र वर्षानुवर्षे म्हणते आहे.

कोणी म्हणेल, अभंगातही आपण लघु अक्षर ओढतोच की! ओढतो. पण तिथे गाणारा शब्द सांभाळून ओढतो, यती शब्द संपल्यावर येते. इथे कुठे ओढायचे ते परक्या कागदाने आधीच ठरवलेले असते.

आपल्या बैठकांत गेली कित्येक वर्षे वाद चालतो, तबला असावा की नसावा. त्याचा निकाल माझ्यापुरता घाटकोपरच्या एका तालमीत लागला. तबल्याला एक तरुण आला होता, भजनी मंडळात वाढलेला. चार आवाज उभे राहिले, मी हात खाली आणला, आणि त्याने ‘परमेश्वर’च्या ‘प’ वर सम दिली. कॉयर ‘र’ वर. दोन ओळींत सगळे विस्कटले. ‘मास्तर, सम कुठे आहे?’ त्याने विचारले. कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तबला बंद करायला लावला. तबला बरोबर होता हो! त्या खोलीत मराठी ऐकणारा तो एकटाच होता.

म्हणून काही उत्साही मंडळी म्हणतात, चार आवाज साहेबाचे, फेकून द्या. मी फेकणार नाही. बास लागला की भिंत हलते, ते सुख मी का सोडू? भूपातली चाल घ्या आणि आवाज रचून पाहा. ‘सा’ खाली ‘ध’, ‘प’ खाली ‘ग’ छान बसतो. ‘रे’ खाली मात्र निषाद मिळत नाही, अल्टो चाचपडते. तिथे डोके चालवावे लागते, आणि तेच आपल्याला नको असते. (सोप्रानो भगिनींनी रागावू नये, पण जुन्या इंग्रजी स्तोत्रांत मूळ चाल टेनरकडे असे. संगीतकार टॅलिसच्या 1567 च्या नऊ चाली पाहा.)

इंग्रजी चालीही सगळ्या गुन्हेगार नाहीत. शंभराव्या स्तोत्राची ती प्रसिद्ध चाल मुळात जिनिव्हाची, 1551 ची. तिची पहिली लय अशी: एक लांब स्वर, चार आखूड, मग तीन लांब. ओळ लांब स्वरावर उठते, त्यामुळे मराठी शब्दाचे पहिले अक्षर ठामपणे पडते. पुढच्या काळात सगळे स्वर एकसारखे करून ती सपाट केली गेली, आणि नेमकी ती सपाट चाल आपल्याकडे आली. मी जुनी लय बसवली तेव्हा माझ्या कॉयरमधल्या एका आजीबाई म्हणाल्या, ‘आज पहिल्यांदा कळलं मी काय म्हणते ते.’ पुढच्या रविवारी वेळेचे कारण पुढे आले. त्याच इमारतीत दहाला तमिळ उपासना असते ना! दोन कडवी गाळली आणि लयही जुन्या वळणावर गेली.

ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्सही इंग्लंडचेच. 1562 मध्ये तिथे छंदोबद्ध स्तोत्रांचे संपूर्ण पुस्तक निघाले होते. 1579 साली गोव्यात आलेल्या या माणसाने आपल्यासाठी ओवी उचलली. ते जेझुइट, प्रोटेस्टंट स्तोत्रे कशाला घेतील, असे म्हणाल. कबूल. पण लॅटिन छंद त्यांना पाठ होतेच की! तेही त्यांनी लादले नाहीत. आपण मराठी आईच्या पोटी जन्मून ओवीला लाजतो.

करायचे काय? स्तोत्रे नव्याने रचावी लागतील, कवी आणि कॉयरमास्टर यांनी एका पेटीसमोर बसून. त्यासाठी समिती करावी. कोण, कधी, पैसे कुठून, ते चहापानाच्या वेळी पाहू. तोवर शंभरावे स्तोत्र जुन्या लयीत म्हणू या. उभे राहा. कीबोर्डवाल्या भावाने तो ऱ्हिदम आधी बंद करावा, आणि तबलजींनी पुढे येऊन बसावे.