नव्या स्कूटरचे पहिले तेल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला कोणी तरी एकीने दहा मिनिटे बोलायचे, असा आपला रिवाज आहे. आजवर येथे लोणची-मुरंब्यांवर, मुलांच्या अभ्यासावर, बचतीवर चांगली चांगली भाषणे झाली. यंदा माझे नाव निघाले तेव्हा मी म्हटले, "मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, मी काय बोलणार?" त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्हांला अनुभवाने जे कळले आहे ते सांगा, म्हणजे झाले." आता अनुभवाने, आणि तोही पदरचे पैसे मोजून, मला एक गोष्ट अगदी पक्की कळली आहे. ती म्हणजे नव्या स्कूटरचे पहिले तेल कधी बदलावे. तेव्हा त्यावरच बोलते. हसू नका. येताना फाटकाशी उभ्या असलेल्या स्कूटरी मी मोजल्या. एकोणीस आहेत, आणि त्यांतल्या चार-पाच अगदी कोऱ्या दिसल्या.

माझी पहिली स्कूटर आम्ही 2016 च्या दसऱ्याला घेतली. मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेली होते. "ह्या वयात कसली गाडी शिकतेस!" असे घरात म्हणून झाले होते, तरी मी शिकले. गाडी दारात आली तेव्हा सासूबाईंनी हळदकुंकू वाहिले, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले. सगळे यथासांग झाले. फक्त गाडीबरोबर आलेले पुस्तक तेवढे कपाटात गेले. पुस्तक इंग्रजीत, म्हणून मी ते उघडलेच नाही.

महिन्याभरात वर्कशॉपमधून एकदा फोन आला, सर्व्हिसिंगला गाडी आणा म्हणून. मी ह्यांना विचारले. हे म्हणाले, "नव्या गाडीला कसले आले आहे सर्व्हिसिंग? उगीच खर्चात पाडतात. दादांच्या स्कूटरचे तेल कधी बदललेले पाहिलेस का?" ते खरेच होते. सासऱ्यांची जुनी चेतक आमच्याकडे पंचवीस वर्षे होती. तिच्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालायचे, लिटरला 20 मिलिलिटरच्या हिशेबाने, आणि ते पेट्रोलबरोबर जळून जायचे. इंजिनाचे तेल बदलण्याचा प्रश्नच नव्हता. गिअरच्या पेटीतले तेवढे मिस्त्री कधी तरी बदलायचा. पण ती टू-स्ट्रोक गाडी होती. आताच्या आपल्या पेट्रोलच्या स्कूटरी फोर-स्ट्रोक आहेत. ह्यांच्यात तेल इंजिनाच्या पोटात वेगळे राहते, तेच तेच फिरत राहते, आणि म्हणून ते बदलावे लागते. हा फरक आमच्या घरात कोणाच्याच ध्यानात आला नाही. ह्यांचे ज्ञान खोटे नव्हते, पण ते जुन्या गाडीचे होते.

मीही मनाशी म्हटले, महिन्यात गाडी चालली ती किती? मंडई, शाळा, देऊळ, फार तर बँक. तीनशे किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. पुढे बघू. असे 'पुढे बघू' करता करता श्रावण आला.

2017 च्या श्रावणातल्या एका सोमवारी मी आणि वन्सं स्कूटरवरून साताऱ्याहून यवतेश्वरला दर्शनाला निघालो. घाट चढताना गाडी जड जाऊ लागली. मी मूठ आणखी पिळली. इंजिनातून टकटक असा आवाज आला, आणि एका वळणावर गाडी जागच्या जागी बंद पडली. किक बसेना. पाऊस चालू, वन्संच्या हातात पूजेचे तबक, मागून गाड्यांचे भोंगे. शेवटी टेम्पोत घालून गाडी खाली आणली.

मिस्त्रीने तळाचा नट काढला, तर जेमतेम कपभर काळे, दाट तेल गळले. इंजिन जाम झाले होते. पिस्टन, रिंगा, सिलिंडर सगळे बदलावे लागले. साडेसहा हजार रुपये गेले. गाडी हमीच्या मुदतीत होती खरी, पण सर्व्हिसिंगची पाने कोरी, मग हमी कसली मिळणार! पैशाचे दुःख होतेच. पण घरी आल्यावर एक वाक्य कानांवर पडले, "बायकांच्या हाती गाडी दिली की असेच व्हायचे," ते मला अधिक लागले. कारण मी गाडी वाईट चालवली नव्हती. कुठे आपटली नव्हती, धडकवली नव्हती. तेल बदलले नव्हते, एवढेच. आणि ते मला कोणी नीट समजावून सांगितले नव्हते, मीही कोणाला नीट विचारले नव्हते.

मग मी त्या मिस्त्रीला विचारले, "अहो, जुने तेल खराब होते हे समजते. पण नव्या गाडीचे तेल इतक्या लवकर का बदलायचे?" त्याने जे सांगितले ते मला आपल्याच घरातल्या एका गोष्टीवरून चटकन समजले. आपल्यांतल्या वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक असेल, जात्याला टाकी लावून घेतली की पहिले दळण कोणी खात नाही. दगडाची कचकच पिठात उतरते, म्हणून आधी भरड काही तरी दळून टाकून द्यायचे. इडलीचा नवा दगडी ग्राइंडर आणला तरी पहिले वाटण आपण फेकूनच देतो. इंजिनाचेही तसेच. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांवर घासून बसायचे असतात. त्या घासण्यात धातूचा अगदी बारीक कीस निघतो आणि तेलात उतरतो. पहिले तेल म्हणजे ते पहिले दळण. ते पोटात ठेवायचे नाही.

त्यातून आपल्या स्कूटरींत तेल असते तरी किती? 110 किंवा 125 सीसीच्या बहुतेक गाड्यांत लिटरही नाही, पाऊण लिटरच्या आसपास. मोटारीत तीन-चार लिटर तेल असते, आणि ते गाळायला कागदी फिल्टर असतो. आपल्या बहुतेक लहान स्कूटरींत नुसती एक जाळी असते. चहाच्या गाळणीतून बारीक भुकटी खाली उतरतेच ना, तसा बारीक कीस त्या जाळीतून निसटतो. म्हणून तो तेलाबरोबर बाहेर काढायचा.

आता मुख्य मुद्दा, कधी बदलायचे? गाडीच्या पुस्तकात त्याचा तक्ता असतो. निरनिराळ्या गाड्यांना निरनिराळे आकडे आहेत. पण साधारणपणे पहिले सर्व्हिसिंग 500 ते 1000 किलोमीटरच्या दरम्यान किंवा एक महिन्याच्या सुमारास असते, आणि त्यापुढे लिहिलेले असते, 'जे आधी होईल ते'. मैत्रिणींनो, हे चार शब्द पाठ करा. मी किलोमीटरकडे बघत बसले आणि महिना विसरले. तुमचे किलोमीटर झाले आणि महिना भरायचा असेल, तरी जायचे. महिना भरला आणि किलोमीटर व्हायचे असतील, तरीही जायचे.

मला आधी वाटायचे, गाडी चाललीच नाही तर तेल खराब कसे होईल? तर त्याचेही कारण आहे. आपल्या फेऱ्या लहान. मंडईपर्यंत दोन किलोमीटर, शाळेपर्यंत एक. एवढ्यात इंजिन नीट तापतसुद्धा नाही. मग आत जमलेला ओलावा आणि थोडेफार पेट्रोल उडून न जाता तेलातच राहते, आणि तेल नासते. म्हणजे महिन्यांची अट ही आपल्यासारख्या थोडे थोडे हिंडणाऱ्या बायकांसाठीच आहे म्हणा ना!

दुसरी गोष्ट, तेल पाहण्याची. ह्याला शिक्षण लागत नाही. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावायची. इंजिन दोन-तीन मिनिटे चालू ठेवून बंद करायचे, आणि तेल खाली उतरायला तेवढाच वेळ थांबायचे. मग तेलाच्या बुचाची काडी काढून फडक्याने पुसायची, परत घालायची आणि काढून पाहायची. काही गाड्यांत ती आटे फिरवून घालायची असते, काहींत नुसती टेकवायची, ते पुस्तकात पाहावे. काडीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मध्ये हवे. खालच्या खुणेच्या खाली गेले तर इंजिनाला धोका. आणि वरच्या खुणेच्या वरही नको. जास्त तेलानेही इंजिन बिघडते. पंधरवड्यातून एकदा एवढे पाहिले असते तर माझे साडेसहा हजार वाचले असते.

तेल कोणते घालायचे तेही पुस्तकात लिहिलेले असते. मोटारसायकलचे तेल आणि स्कूटरचे तेल ह्यांत फरक असतो. डब्यावर 'एमए' आणि 'एमबी' अशी अक्षरे असतात. पुष्कळशा गिअर नसलेल्या स्कूटरींना 'एमबी' सांगितलेले असते. शिवाय मागच्या चाकापाशी गिअरच्या पेटीत थोडेसे निराळे तेल असते. त्याची मुदत वेगळी असते, त्याचीही चौकशी करावी. ज्यांनी विजेवरची स्कूटर घेतली आहे त्यांना इंजिनच नाही, म्हणून इंजिनाच्या तेलाची काळजी नाही. चेतक हे नावसुद्धा 2020 पासून विजेच्या स्कूटरवर आले आहे. पण त्यांनीही आपले पुस्तक वाचावे, कारण काही विजेच्या गाड्यांतही गिअरचे तेल असते.

2024 च्या पाडव्याला आम्ही लेकीसाठी नवी स्कूटर घेतली. या खेपेला हार घालण्याच्या आधी मी पुस्तक उघडले. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे तर येतात! तक्त्यातली अक्षरे लेकीने वाचून दाखवली. पहिला महिनाभर मूठ फार पिळायची नाही, घाटात दोघींनी बसून ओझे न्यायचे नाही, हे ठरवले. सत्ताविसाव्या दिवशी, 410 किलोमीटर झाले असताना, मी स्वतः गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या मुलाला म्हटले, "तेल माझ्यासमोर काढ." तो जरा हसला, पण त्याने काढले. मी पांढऱ्या कागदावर दोन थेंब घेऊन उन्हात धरले. त्यांत जरीच्या चुऱ्यासारखे बारीक कण चमकत होते. मी तो कागद घरी आणून ह्यांना दाखवला. हे बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे त्या वेळी चूक माझी होती." मैत्रिणींनो, सात वर्षांनी ऐकलेले ते वाक्य मला नव्या गाडीपेक्षा मोलाचे वाटले.

काढलेले तेल गटारात ओतू देऊ नका, आणि कशाला उपयोगी पडेल म्हणून घरीही आणू नका. ते वर्कशॉपमध्येच गोळा करायला ठेवावे.

शेवटी एक विनंती करते. आपल्या एका मैत्रिणीला मी आताच विचारले, तर तिच्या गाडीला पाच महिने झाले, तीनशे किलोमीटर झाले, आणि पहिले तेल अजून तेच आहे. तिचे नाव मी सांगत नाही; ती मान खाली घालून बसली आहे, तेवढे पुरे. तिने उद्याच जावे. आणि बाकीच्यांनी आज घरी गेल्यावर कपाटातले पुस्तक काढावे, पहिल्या पानावर गाडी घेतल्याची तारीख आणि तेल बदलल्याची तारीख लिहून ठेवावी. आपण दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहितो, मग हा का लिहू नये? गाडी आपली असेल तर तिच्या पोटातले तेलही आपल्याच माहितीचे असले पाहिजे.

दहा मिनिटांची पंधरा झाली असतील, त्याबद्दल क्षमा मागते.