शाळेचे पटांगण आणि आपली मुले

(दिवा येथे वर्षावासाच्या काळात नवदीक्षित कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपणांपैकी बहुतेक कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत धम्मदीक्षा घेतली आहे. अशा कुटुंबांतील माणसे मजकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न शाळेच्या दाखल्याचा असतो. दाखल्यावर धर्म ‘बौद्ध’ लिहिला तर मुलाची सवलत जाईल काय? याचे उत्तर मी थोडक्यात देऊन टाकतो, कारण आजचा माझा विषय निराळा आहे. अनुसूचित जातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा १९५० चा आदेश मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला आणि १९९० साली बौद्धांचा. तेव्हापासून केवळ बौद्ध म्हणवून घेतल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. मात्र मूळ जातीचा आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा वाडवडिलांचा कागद जपून ठेवा. जातपडताळणीच्या वेळी तोच उपयोगी पडतो, आणि नेमका तोच आपल्या घरांतून पत्र्याच्या पेटीत कुजलेला सापडतो.

आता विषयाकडे वळतो. मागील वेळी मी येथे आलो असता एक भगिनी म्हणाल्या, “वकीलसाहेब, माझी मुलगी धावण्यात शाळेत पहिली येते. पण मी तिला संघात जाऊ देत नाही. आपल्याला खेळून काय करायचे आहे? बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत.” समोर बसलेल्या सर्वांनी माना डोलावल्या. मीही काही बोललो नाही. परत जाताना दिवा स्थानकाच्या पुलावर गर्दीत उभा असताना मला माझ्या मौनाची लाज वाटली. आजचे व्याख्यान हे त्या भगिनींना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर समजावे.

बाबासाहेबांच्या शाळेपासूनच आरंभ करू. सातारच्या शाळेत भीमराव गोणपाटावर निराळे बसत, आणि शिपाई हजर नसला तर त्यांना पाणी मिळत नसे, हे आपण जाणता. पुढे रामजी सुभेदार मुंबईस आले आणि मुलाचे नाव एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. ही सरकारी शाळा, त्या काळच्या मुंबईतील नामांकित. तेथे गोणपाट नव्हते. परंतु शिक्षकांनी गणित सोडविण्यासाठी फळ्यापाशी बोलाविले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे बाटू नयेत म्हणून उचलण्यासाठी इतर मुलांनी एकच धावपळ केली. संस्कृत शिकू न दिल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या अभिनंदनाच्या सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते, आणि तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या मुलाला केळुसकरांनी प्रथम हेरले ते चर्नी रोडच्या बागेत, एकटाच वाचीत बसलेला असताना. शाळा सुटल्यावर मुले मैदानाकडे जातात. हा मुलगा बागेत जात असे. आपण त्यात केवळ अभ्यासाची आवड पाहतो. ज्या शाळेत डबे उचलले जातात, त्या शाळेच्या मुलांत मिसळून चेंडू झेलावयास कोणता मुलगा जाईल, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही.

त्याच शाळेपासून पायी जाण्याच्या अंतरावर, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. हिंदू संघाचा प्रमुख गोलंदाज होता बाळू पालवणकर, जन्माने चर्मकार. त्याचा भाऊ शिवराम हाही त्या सामन्यात खेळला. बाळूला कोणत्याही हायस्कुलाने क्रिकेट शिकविले नाही. पुण्यास पारशांच्या क्लबात झाडलोट करावी, रोलर फिरवावा, याबद्दल महिना तीन रुपये मिळत. पुढे युरोपियनांच्या जिमखान्यात तेच काम चार रुपयांवर. तेथे ग्रेग नावाच्या गोऱ्या फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकता टाकता हा डावखुरा मुलगा गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदूंना तो हवा होता, परंतु मैदानापुरताच. चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर निराळ्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सामान्यच झाली, तथापि बाळूने एकट्याने शंभराहून अधिक बळी घेतले.

एवढा गुणी खेळाडू, पण हिंदू संघाचे कप्तानपद त्याला कधी रीतसर मिळाले नाही. वर्षामागून वर्षे कोणी ना कोणी उच्चवर्णीय गृहस्थ नेमला जाई. १९२० साली तर बाळूला संघातूनच वगळले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी जाहीरपणे खेळण्यास नकार दिला. निवड करणाऱ्यांना पाय मागे घ्यावा लागला आणि बाळूला उपकप्तान करण्यात आले. अखेर १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. विठ्ठल पालवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावाने आपली हकीकत मराठीत लिहून ठेवली आहे.

कोणी मला आठवण देईल की १९३७ च्या निवडणुकीत याच बाळूला काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभे केले होते. होय, केले होते, आणि बाबासाहेब निवडून आले. राजकारणात बाळू चुकला असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून त्याने मंडपाबाहेर घेतलेला चहा गोड होत नाही.

मी हे इतके लांबवून सांगतो याला कारण आहे. मी स्वतः एका मोठ्या हायस्कुलात शिकलो. त्याचे नाव मी घेणार नाही. शाळेला कबड्डीची जुनी परंपरा होती. मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर ढाली टांगलेल्या असत. मी पाचवीपासून नववीपर्यंत पाच वर्षे संघात होतो. चढाईला मीच आधी जाई. आमचे खेळाचे शिक्षक माझी पाठ थोपटून म्हणत, “तुमच्या लोकांत हे रक्तातच असते.” ते कौतुक आहे असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. नववीत कप्तान निवडावयाची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, “तू खेळतोस चांगला, पण सर्वांना सांभाळून घेणारा मुलगा हवा.” निवडलेला मुलगा वर्षभरापूर्वी संघात आला होता. आदल्या दिवशी मैदानावर फक्की टाकण्याचे काम मात्र माझ्याकडेच राहिले. मी घरी सांगितले. वडील म्हणाले, “सोड तो खेळ, दहावीचे बघ.” मी सोडला. दहावीत मला गुण चांगले पडले, पुढे विधी महाविद्यालयात गेलो, आज आपणासमोर उभा आहे. वडिलांचा सल्ला फुकट गेला असे मी म्हणत नाही. परंतु त्या दिवशी मी अभ्यासासाठी मैदान सोडले नव्हते. अपमान झाला म्हणून सोडले होते, आणि त्याला अभ्यासाचे नाव दिले. शिवराम आणि विठ्ठल यांनीही बॅट खाली ठेवली होती, पण काय हवे ते सांगून ठेवली होती. मी एक शब्द न बोलता निघून गेलो, आणि संघाला माझी जागा भरून काढण्यापलीकडे काही करावे लागले नाही.

भगवंतांच्या संघातील उपालीची कथा आपण ऐकली असेल. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास आले तेव्हा त्यांनी आपल्या न्हाव्याला, उपालीला, प्रथम दीक्षा देण्याची विनंती केली. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने ठरते, म्हणून पुढे त्या राजपुत्रांनी उपालीला वंदन करावयाचे होते. आपला शाक्यपणाचा अभिमान गळावा एवढ्यासाठी त्यांनी ते मागितले. माझ्या शाळेत हा नियम असता तर फक्की दुसऱ्या कोणी टाकली असती.

आता थोडे परदेशात चला. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात लिटल रॉक शहरी सेंट्रल हायस्कूल नावाची एक अवाढव्य सार्वजनिक शाळा आहे. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने काळ्यागोऱ्यांच्या निराळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. १९५७ च्या सप्टेंबरात नऊ निग्रो मुलेमुली (त्या काळी हाच शब्द वापरीत) या शाळेत जाऊ लागली. जमावाने त्यांना अडविले, आणि अखेर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना सैन्य धाडावे लागले. बंदुकधारी सैनिकांच्या पहाऱ्यात ती वर्गात बसली. पण या नऊ जणांना शाळेच्या खेळांत, गायनवृंदात, कोणत्याही बाहेरच्या उपक्रमात भाग घेण्याची मुभा नव्हती. वर्गाचे दार लष्कराने उघडले, मैदानाचे उघडले नाही. आणि त्याच वर्षी त्या शाळेचा फुटबॉल संघ एकही सामना न हरता देशात अव्वल गणला गेला. पुढील वर्षी गव्हर्नरने शहरातील हायस्कुले वर्षभर बंद ठेवली, पण फुटबॉलचे सामने चालू राहिले! वर्ग बंद आणि खेळ चालू. ज्यांच्या हाती सत्ता असते ते मैदानाला किती महत्त्व देतात, हे यावरून समजावे. आपणच तेवढे त्याला वेळेचा अपव्यय मानतो.

आता दिव्याची गोष्ट. येथून एक रूळ वसईकडे जातो, एक पनवेलकडे. रुळांच्या दोन्ही बाजूंना घरे वाढत गेली, परंतु मुलांना धावण्यापुरती जागा ठेवण्याचे कोणाला सुचले नाही. इमारतीच्या दोन मजल्यांवर भरणाऱ्या शाळेतील मुलगा संध्याकाळी कोठे खेळतो? रुळांच्या कडेला. त्याची आई फलाटाकडे कान लावून बसते. तेव्हा केवळ “मुलांना खेळू द्या” असे सांगून मी मोकळा होऊ शकत नाही. कायदा काय म्हणतो तेही सांगितले पाहिजे.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो आहे. त्याच्या अनुसूचीत शाळेला काय काय असावे याची यादी आहे. त्यात मुलामुलींसाठी निराळी शौचालये आणि पिण्याचे पाणी यांच्याबरोबर क्रीडांगण आहे, आणि प्रत्येक वर्गाला लागेल तसे खेळाचे साहित्यही आहे. ही मेहेरबानी नव्हे, शाळा म्हणून चालण्याची अट आहे. दुर्बल आणि वंचित गटांतील मुलांशी भेदभाव होणार नाही हे पाहण्याचे कर्तव्यही त्याच कायद्याने शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. आपल्या बाबतीत ते प्राधिकरण ठाणे महानगरपालिका. कलम ३२ खाली लेखी तक्रार द्यावी. तीन महिन्यांत निर्णय झाला पाहिजे, आणि तो पटला नाही तर बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. आठवीपुढे हा कायदा जात नाही. मात्र सरकारी पैशाने राखलेल्या सार्वजनिक मैदानावर कोणी जातीवरून अडविले, तर घटनेचे कलम १५, पोटकलम २, आपल्या पाठीशी आहे. विहिरी, तलाव, रस्ते आणि लोकांच्या येण्याजाण्याच्या जागा यांचा त्यात उल्लेख आहे. तलाव या शब्दावर क्षणभर थांबा. १९०७ च्या त्या सभेचे अध्यक्ष बोले यांनीच १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे आणि शाळा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. ठराव कागदावर राहिला, म्हणून १९२७ साली महाडला जावे लागले, आणि चवदार तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघण्यास १९३७ साल उजाडले. मैदानाच्या बाबतीत आपण अद्याप कागदही काढलेला नाही.

आणखी एक कागद आहे, त्याची माहिती फार थोड्यांना असते. शहराच्या विकास आराखड्यात काही भूखंड क्रीडांगणासाठी राखीव दाखविलेले असतात. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे दहा वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठराविक मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. मग तेथे आणखी एक इमारत उभी राहते. म्हणून आपल्या वस्तीजवळ असा भूखंड कोणता, तो कोणत्या अवस्थेत आहे, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारले पाहिजे. अर्जाला फार खर्च येत नाही.

अर्जाने काय होते, असे कोणी म्हणेल. एल्फिन्स्टन हायस्कुलासमोरील त्या विस्तीर्ण मैदानावर गोरे साहेब घोड्यांवर बसून पोलो खेळत आणि देशी मुलांची क्रिकेटची जागा टापांखाली उखडली जाई. १८८१ साली पारशी आणि इतर देशी खेळाडूंनी शेकडो सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे केला. तो झगडा वर्षानुवर्षे चालला, पोलो हलला आणि परतही आला, पण अर्ज थांबले नाहीत. अखेर पारशांना समुद्राकाठी जिमखान्यासाठी जागा मिळाली. त्या सह्यांत आपले कोणी असणे शक्य नव्हते. त्या मैदानावर आपला माणूस रोलर ओढीत असे.

आता त्या भगिनींना, त्या आज आल्या असतील तर, माझे सांगणे. मुलीला संघात जाऊ द्या. तिचा अभ्यास बुडतो की नाही हे पाहण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे. सराव किती वाजता संपतो, परत येताना तिच्याबरोबर कोण असते, कपडे बदलावयास जागा आहे काय, हे शिक्षकांना खुशाल विचारा. न लाजता विचारा. ती पहिली येत असूनही तिची निवड झाली नाही, तर कारण लेखी मागा. आणि तिने स्वतःहून खेळ सोडतो म्हटले, तर तिला एकदा जवळ बसवून विचारा की मैदानावर काय घडले.

मी दोन अर्जांचे मसुदे लिहून आणले आहेत. एक राखीव भूखंडांच्या माहितीसाठी आहे, दुसरा शाळांना क्रीडांगण आहे की नाही याच्या तपासणीसाठी. दोन्ही मराठीत आहेत, आणि कोणास वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवीन, मगच सही करावी. ज्या पालकांची मुले सहा ते चौदा वर्षांची आहेत त्यांनी मुलाचे नाव, इयत्ता आणि शाळा स्वच्छ अक्षरांत लिहावी. मागे दाराजवळ चटईवर कागद ठेवले आहेत. पेन मात्र एकच आहे, तेव्हा ओळीने या.