पाण्याचा हिशेब आणि मागणीचे माप



पैठणच्या नाथसागराची उपयुक्त साठवणक्षमता सुमारे 76.65 अब्ज घनफूट. तो किती भरला हे पावसाळ्यात रोज जाहीर होते. वरच्या नाशिक व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील धरणांशी त्याचा तंटा मात्र मिटत नाही. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने म्हटले, की ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांत, खरिपातील वापर धरून, उपयुक्त पाण्याची टक्केवारी साधारण सारखी असावी. 2014 साली प्राधिकरणाने त्यासाठी 65 टक्क्यांचे सूत्र घालून दिले.

‘खरिपातील वापर धरून’ या तीन शब्दांत सारा वाद आहे. पाऊस पर्जन्यमापक मोजतो. अर्थात इगतपुरीचे सुमारे 3000 मिलिमीटर आणि त्याच जिल्ह्यातल्या येवल्याचा त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी पाऊस यांची सरासरी काढली, तर कोरडे गावही कागदावर भिजते. नदीचा प्रवाह मोजण्याचीही व्यवस्था आहे. पण वापर? तो पुष्कळदा सात नंबरच्या पाणीअर्जावरील हेक्टरांवरून अंदाजला जातो. अर्ज जमीनधारकाचा. बारमाही ऊस हजार तोंडांनी पाणी मागतो. विहिरीवर अवलंबून असलेल्या भूमिहीन वस्तीची तहान त्या कागदावर उमटत नाही. अर्थशास्त्रात जिला ‘मागणी’ म्हणतात, ती येथे केवळ मालकीची सावली आहे.

2023 च्या ऑक्टोबरअखेरीस 8.6 अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला. प्रत्यक्ष विसर्ग सुरू व्हायला नोव्हेंबरची अखेर उजाडली. सोडलेले आणि पोचलेले यांतील फरक ‘वहनव्यय’ या रकान्यात जातो. नदीच्या कोरड्या वाळूने प्यालेले पाणी त्यात, आणि काठच्या मोटारींनी उपसलेलेही त्यातच! अशा वेळी काठावरची वीज तोडावी लागते, ती काय वाळूच्या भीतीने?

पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर हे गणित उलटे मांडले. पाणी पंचायतीत वाटा जमिनीवर नव्हे, माणशी ठरला. भूमिहीनांचा हक्क मान्य झाला आणि ऊस वर्ज्य ठरला. तेथे मागणी आधी मोजली गेली, आणि ती माणसांची होती.

गोदावरी खोऱ्यात याची सुरुवात खरिपापासून करता येईल. कालव्याचे पाणी घनमापाने मोजावे, विहिरींचा व नदीकाठचा उपसा गावनिहाय नोंदवावा, आणि ऑक्टोबरचा निर्णय होण्यापूर्वी ते आकडे दोन्हीकडच्या ग्रामसभांपुढे ठेवावेत.