पहिल्या रात्रीचा मार



मालेगाव धुळ्यापासून तासाभराच्या वाटेवर. २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री, ऐन रमजानात, तिथल्या भिक्कू चौकात मोटारसायकलवरचा बॉम्ब फुटला. सहा माणसं गेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. तो कुणी ठेवला यावर तुम्ही चावडीवर भरपूर वाद घातला असेल. मला बोलायचंय ते स्फोटानंतरच्या पहिल्या काही तासांबद्दल.

आपल्या रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा. कापताना घड आपटला, तर त्या वेळी काहीच दिसत नाही. फणी हिरवीगार. गाडी भरते, माल दिल्लीला पोचतो, केळी पिकायला लागते आणि मग तो मार काळा होऊन वर येतो. तिथं व्यापाऱ्याशी कितीही हुज्जत घाला, भाव पडतोच. तपासाचं अगदी असंच आहे.

३१ जुलै २०२५ ला मुंबईच्या विशेष न्यायालयानं या स्फोटाच्या खटल्यातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडलं. तीनशेहून जास्त साक्षीदार तपासले, तीसहून जास्त फितूर झाले. जागेचा नकाशा नाही, बोटांचे ठसे नाहीत, असं न्यायालयानं नोंदवलं. संशय कितीही दाट असो, तो पुराव्याची जागा घेत नाही, हेही सांगितलं. मृतांचे नातेवाईक अपिलात गेलेत. पण मार पहिल्या रात्रीचा. काळा पडला सतरा वर्षांनी!

मालेगावातच, त्याआधी ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, बडा कब्रस्तानपाशी स्फोट झाले. तीसहून जास्त माणसं गेली. नऊ मुस्लिम तरुण पकडले. २०१६ मध्ये न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. त्यांची उमेदीची वर्षं कोण परत देणार? आणि खरा गुन्हेगार शाबीत झाला नाही की संशय शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसतो. बॉम्ब ठेवणाऱ्याला तेच तर हवं असतं.

उलट २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला पाहा. पोलीस तुकाराम ओंबळ्यांनी जीव देऊन कसाब हा हल्लेखोर जिवंत पकडून दिला. हल्लेखोरांची छायाचित्रं कोर्टात टिकली, साक्षीदार डगमगले नाहीत. चार वर्षांत निकाल अंमलात आला. तिथं घड जपून उतरवला होता.

म्हणून थोडं रागावून सांगतो. जखमींना उचलायला धावा, जरूर धावा. पण त्यांना नेल्यावरही आपण तिथंच घोळका करतो, मोबाईल धरतो, पायाखाली पुरावा तुडवतो. पोलिसांनी नाव विचारलं की मात्र ‘कोर्टाची पायरी नको’ म्हणून सटकतो. मग निकाल लागला की सरकारला शिव्या! पहिला मार आपणही देतो, भाऊ.

नुकसानभरपाईचं बोलायचं होतं. २००८ च्या स्फोटातल्या मृतांच्या वारसांना दोन लाख, जखमींना पन्नास हजार, असा आदेश झाला, तोही इतक्या वर्षांनी. आणि ज्याचा पाय गेला त्याच्या घरात मधल्या काळात... पण वेळ संपत आलीय. तेव्हा तेच पुन्हा सांगतो: जागा तुडवू नका. पाहिलं तेवढंच सांगा, आणि दहा वर्षांनी समन्स आलं तरी जाऊन तेच सांगा.