नागपूरची मध्यरात्र आणि डाकोटा

भिलाईतल्या जुनवानीच्या आपल्या मराठी श्रोत्यांसाठी आज शेजारच्या नागपूरची गोष्ट.

30 जानेवारी 1949 रोजी देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परतत. चारही दिशांना मध्यावर पडणारं नागपूर सोडून दुसरं ठिकाण सुचणंच कठीण होतं!

या सेवेचा भार सुरुवातीला वाहिला डाकोटानं, म्हणजेच डग्लस डीसी-3 या विमानानं. त्याचं पहिलं उड्डाण 17 डिसेंबर 1935 चं. दोन इंजिनं, प्रत्येकाची ताकद सुमारे बाराशे अश्वशक्ती. शेपटाखाली छोटं चाक असल्यानं जमिनीवर विमान मागे कललेलं असे; आत शिरल्यावर पुढच्या आसनाकडे चक्क चढ चढून जावं लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची शिल्लक डाकोटा स्वस्तात विकली गेली आणि त्यांवर भारतात अनेक हवाई कंपन्या उभ्या राहिल्या. 1953 मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यातही बहुसंख्य डाकोटाच होती. रात्रीच्या अंधारात ती उडवणाऱ्या वैमानिकांचं मला फार कौतुक वाटतं.