देखणे दुकान आणि सोपी खरेदी
(पोफळी, ता. चिपळूण येथे बागायतदारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंटरनेटवर स्वतःचे दुकान काढून हापूस, काजूगर, आमसुले थेट पुण्या-मुंबईच्या घरी पाठविणारे बागायतदार आता आपल्यातही आहेत. दुकान देखणे असावे असे प्रत्येकालाच वाटते, आणि त्यात चूक नाही. गिऱ्हाइकाला फळ हातात घेता येत नाही, वास घेता येत नाही. त्याला फक्त चित्र दिसते.

गेल्या हंगामात अशा एका बागायतदाराचे दुकान मी मोबाईलवर उघडले. प्रथम बागेची आकाशातून काढलेली फिल्म, त्यावर सनई, मग तीन मोठी छायाचित्रे. पेटी किती डझनाची, फळ किती ग्रॅमचे, भाव काय, हे शोधता शोधता माझा धीर सुटला. मालक म्हणाले, "लोक बघतात खूप, पण शेवटी फोन करूनच भाव विचारतात." मग दुकान कशासाठी काढले?

ही चूक मोठमोठ्यांनी केलेली आहे. 1999 च्या नोव्हेंबरात लंडनच्या बू डॉट कॉम या कंपनीने कपड्यांचे असेच भपकेदार दुकान उघडले. कपडे फिरवून दाखविणारी चित्रे होती, बोलकी बाहुली होती. पण त्या काळच्या संथ टेलिफोन लाईनवर पान उघडायलाच फार वेळ लागे. कंपनीने इतरही चुका केल्या, खर्च बेसुमार केला, आणि मे 2000 मध्ये दुकान बंद पडले. आज लाईन वेगवान झाली, हे खरे. पण पोफळीच्या डोंगराच्या पोटात वीज तयार होत असली तरी घाटाखाली मोबाईलची रेंज कुठे कशी मिळते ते तुम्ही जाणताच. गिऱ्हाईकही लोकलच्या गर्दीत उभे राहूनच पेटी मागवीत असते.

तेव्हा छायाचित्रे ठेवा, पण हलकी करून. मोबाईलवर काढलेला फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. तो 150 ते 200 केबीपर्यंत आणला तरी पडद्यावर फरक दिसत नाही. फिल्म आपोआप सुरू होऊ देऊ नका, ज्याला पाहायची तो दाबील.

आता फोटो कोणता, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण काढणी चौदा आणे तयार फळाची करतो. पेटी घरी पोहोचते तेव्हा फळ हिरवेच असते. दुकानात मात्र केशरी, पिकलेला, कापलेला आंबा! गिऱ्हाईक पेटी उघडते आणि फसलो म्हणते. म्हणून पिकलेल्या फळाशेजारी पेंढ्यातल्या हिरव्या फळांचाही फोटो द्या आणि खाली लिहा की आंबा हिरवा येईल, घरी आढीत ठेवावा, पिकायला इतके दिवस लागतील. एवढ्या दोन ओळींनी निम्मे भांडण मिटते.

फोटोच्या लगेच खाली डझन, वजन, भाव आणि पाठविण्याचा दिवस द्यावा. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्यांनी आपले नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदविले असेल त्यांनी तेही तेथेच लिहावे, पानाच्या तळाशी नव्हे. वाहतूक खर्च शेवटच्या पायरीवर अचानक दाखवू नका. भरलेली टोपली तिथेच टाकून लोक निघून जातात. शिवाय 2023 च्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा मागाहून वाढविलेला भाव आणि "फक्त दोनच पेट्या शिल्लक" अशी खोटी घाई, दोन्ही फसवणुकीत मोडतात.

दुकान तयार झाले की घरातल्या वयस्कर माणसाच्या हाती मोबाईल द्या, एक पेटी मागवायला सांगा आणि स्वतः गप्प बसा. ती व्यक्ती जिथे अडेल तिथे दुरुस्ती करा. हे काम दिवाळीनंतर, मोहोराची फवारणी सुरू होण्यापूर्वीच उरकावे. एकदा झेला हातात घेतला की मोबाईलकडे पाहायला कोणाला सवड नसते.